जाळं मिटल्यावरची हाक

आमच्या शाळेला पन्नास वर्षं झाली आणि ताप मला झाला. मी तिथं इंग्रजी शिकवते, एवढाच माझा गुन्हा.

मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "मॅडम, कमानीवर आपण 'गोल्डन ज्युबिली' लिहितो आहोत. त्याचा अर्थ कोणीतरी गावाला सांगायला पाहिजे. दहा मिनिटं तुमची."

मी म्हटलं, "सर, सरळ सुवर्णमहोत्सव लिहा ना. अर्थ सांगायची पाळीच येणार नाही."

"बॅनर छापून आलं," ते म्हणाले.

नाकाडोंगरीकडच्या आमच्या भागात एकदा बॅनर छापून आलं की ब्रह्मदेवालाही त्यातला काना-मात्रा बदलता येत नाही. मी तणतणत घरी गेले. भाकऱ्या थापतानाही माझी बडबड चालूच होती. नवरा शांतपणे म्हणाला, "तू म्हणजे आपली जुनी स्कूटर आहे. किक मारली का आधी खोकते, मंग थांबतच नाही." त्याचं खोटं नव्हतं. जेवण झाल्याबरोबर मी शोधाला लागले.

शाळेच्या कपाटात एक जाडजूड डिक्शनरी आहे. वाळवीनं तिची 'एस' ते 'यू' पानं फस्त केली आहेत, पण 'जे'ला तोंड लावलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती काढली, धूळ झटकली, चष्मा लावला. ज्युबिली हा शब्द ज्यू लोकांच्या जुन्या भाषेतून आलेला. मूळ अर्थ मेंढ्याचं शिंग. दर पन्नासाव्या वर्षी ते लोक मेंढ्याचं शिंग फुंकून मोठं आनंदाचं वर्ष जाहीर करायचे. म्हणजे नुसतं ज्युबिली म्हटलं तरी पन्नास आलेच. सिल्व्हर, गोल्डन ही मागाहून आलेली हौस. मला वाटलं, झालं आपलं काम. मेंढ्याचं शिंग म्हटलं की पोरं हसतील, गावकरी टाळ्या वाजवतील आणि दहा मिनिटं निघून जातील.

पण त्याच पानावर जरा वर दुसरा शब्द होता. ज्युबिलेशन. अत्यानंद, जल्लोष. मी नववीच्या पोरांना तो नेहमी 'ग्रेट जॉय' म्हणून लिहून देते आणि पुढं सरकते. हा शब्द मात्र शिंगातून आलेला नव्हता. तो लॅटिनमधला, घराणंच वेगळं. दोन्हींचा आवाज सारखा म्हणून पुढं लोकांनी त्यांची सोयरीक लावून दिली. मूळ अर्थ होता ओरडणं. तेही कोणाचं? खेड्यातल्या माणसांचं. शहरातला माणूस अडचणीत सापडून मदतीसाठी ओरडला तर त्याला निराळं क्रियापद. आणि रानात, शेतात, मेंढरांमागं हिंडणारी माणसं लांबून एकमेकांना ज्या आरोळ्या द्यायची, त्यांना हे. त्या आरोळीत शब्द नसायचा, नुसता आवाज. पुढं चर्चमधल्या गाण्यात शब्द संपल्यावरही गाणारे आनंदानं सूर लांबवत राहायचे, त्यालाही याच घराण्यातलं नाव मिळालं.

आपल्याकडे हर्ष हा शब्द अंगावरच्या केसांतून आला आहे. केस उभे राहिले म्हणजे हर्ष झाला. त्यांचा आनंद गळ्यातून निघाला. हे वाचून मला आधी मजा वाटली, मग माझं बोट त्या ओळीवरच अडकलं. कारण ही आरोळी मी ऐकलेली होती. आणि ती मीच बंद पाडली होती.

माझे बाबा मासोळ्या पकडतात. आम्ही ढिवर. सिहोऱ्याच्या बाजूला आमचं गाव आहे, गावाला मोठा तलाव आहे आणि तलाव आमच्या मोहल्ल्याच्या सोसायटीकडे आहे. एरवी ज्याची त्याची छोटी जाळी चालूच असतात. पण फाल्गुनात पाणी उतरलं की एक दिवस मोठं जाळं पडतं. त्याला सगळा मोहल्ला लागतो. दोन डोंगे, म्हणजे छोट्या होड्या, पाळीजवळून, तलावाच्या बांधापासून, निघतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि जाळं सोडत सोडत समोरच्या उथळाकडे जातात. तिथं दोन्ही टोकं एकमेकांना भेटली की जाळं मिटलं. तोवर कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही. खोकला आला तर पदर तोंडात कोंबायचा. मासोळी बहिरी नाही, असं आमच्या इथं चालता येऊ लागलेल्या लेकरालाही सांगतात. सगळं बोलणं हातानं. डोंग्यातल्या माणसानं मूठ उघडली म्हणजे जाळं सोडा, मिटली म्हणजे थांबा.

आणि जाळं मिटलं की हाक. एकच माणूस देतो, मग बाकीचे सगळे 'हो' भरतात. हाकेत शब्द नाही. खालून सुरू होते, 'हूऽऽऽ' करत वर जाते, वर गेल्यावर जराशी फुटते आणि पलीकडच्या शेतावर जाऊन पडते. कोणी द्यायची, याची रीत आहे. त्या वर्षी ज्याच्या घरी काही चांगलं झालं असेल त्यानं. कोणाचं लग्न जमलं, कोणाला लेकरू झालं, कोणाची गाय व्याली तरी चालतं. आदल्या दिवशी सोसायटीतले म्हातारे विचारतात, "यंदा हाक कोनाच्या घरची?" आणि ज्याच्या घरची असेल तो उगाच लाजतो.

बाबा जाळ्याची वाट पाहायचे नाहीत. त्यांना आनंद झाला की जिथं असतील तिथं हाक. बाजारात माय मासोळ्या विकायला बसलेली असायची, तिच्याकडचा शेवटचा मासा विकला गेला की हाक. मी चौथीत पहिली आले तेव्हा सायकलवर, रस्त्यात हाक. माय म्हणायची, "या माणसाले पोटात काही ठेवताच येत नाही. कोनाची गोष्ट नाही अन् हाक नाही." आम्ही हसायचो.

दहावीला मी मोठ्या गावातल्या शाळेत होते. तिथल्या मुली चांगल्या घरच्या, इस्त्रीच्या ओढण्यांच्या. त्या मला मासोळीवाली म्हणायच्या नाहीत. पण माझ्याशेजारी बसताना त्या थोड्या सरकून बसायच्या, आणि ते मला शिवीपेक्षा जास्त लागायचं. निकालाच्या दिवशी मार्कशीट घेऊन मी बाहेर आले. पहिला वर्ग होता. आमच्या मोहल्ल्यात त्याआधी कोण्या मुलीनं दहावीच पाहिलेली नव्हती. बाबा फाटकापाशी उभे होते, तलावावरून तसेच आलेले, खांद्यावर ओलं जाळं. मी बोटानं एक दाखवला. पहिला वर्ग.

त्यांनी हाक दिली. अख्खं पटांगण वळून पाहू लागलं. हेडमास्तर खोलीतून बाहेर आले. मुली आधी दचकल्या, मग एक म्हणाली, "अगं बाई, लांडगा आला का?" आणि त्या एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मी धावत जाऊन बाबांचा हात ओढला. त्यांना ओढतच रस्त्यावर नेलं आणि म्हटलं, "जंगली माणसावानी कायले बोंबलता, बाबा? मले लाज वाटते तुमची."

हाकेची म्हणाले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी तुमची म्हणाले.

ते म्हणाले, "बरं."

सायकलवर बसवून घरी आणलं मला. वाटेत जिलेबी घेतली. घरी येऊन सगळ्या मोहल्ल्याला माझे मार्क सांगितले, हळू आवाजात. मी जिलेबी खाल्ली आणि विसरून गेले.

पुढं मी शिकले, बी.एड. झाले, नोकरी लागली. हाक नाही. माझं लग्न झालं. हाक नाही. मुलगी झाली. बाबा दवाखान्यात आले, तिच्या इवल्याशा पायाला बोट लावून पाहिलं आणि खिशात हात घालून उभे राहिले. माझ्या लक्षात आलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. लक्षात आलं होतं आणि बरं वाटलं होतं. लग्नात नवऱ्याकडचे पाहुणे आले तेव्हा मी सारखी बाबांकडे पाहत होते, आता यांनी हाक दिली तर काय तोंड दाखवू? त्यांनी दिली नाही. मी मनात म्हटलं, सुटले.

पंचवीस वर्षं मी मुलांना शब्दांचे अर्थ सांगते आहे. त्या दिवशी डिक्शनरी मांडीवर घेऊन बसले आणि स्वतःला म्हटलं, बाई गं, तू जंगली म्हणून ज्याला गप्प केलंस तेच तर हे. ज्युबिलेशन. स्पेलिंगसकट.

पण मी पडले मास्तरीण. चूक कळली की ती लगेच दुरुस्त करून, खाली सही घेऊन मोकळं व्हायची सवय. रविवारी गावी गेले. बाबा ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. मी बसायच्या आधीच सांगितलं, "बाबा, आमच्या शाळेचा कार्यक्रम आहे. तुम्ही स्टेजवर या अन् एक हाक द्या. मी तिचा अर्थ सांगतो."

त्यांनी सुई थांबवली. "स्टेजवर? तिथं कोनती मासोळी आहे?"

"मासोळी नाही. लोकांना दाखवायचं आहे."

"हाक काही दाखवाची चीज आहे का, पोरी? ते देत नाही. ते निघते."

"मग काढा ना. एकदाच."

"नाही निघत आता." आणि ते पुन्हा जाळ्याला लागले.

मी हट्टाला पेटले. शब्द कुठून आला, कोणाचा होता, सगळं ऐकवलं. मोठमोठ्या देशांतल्या पुस्तकांत तुमची हाक लिहिलेली आहे म्हणाले. ते "हाव का?" म्हणाले, "चांगलं आहे" म्हणाले आणि सुई चालूच. शेवटी घरातून माय बाहेर आली. तिच्या हातात सूप होतं आणि तोंडात कधीचं साठून राहिलेलं बोलणं.

"तुले आता आठोन आली का? तुह्या दहावीपासून या माणसाच्या तोंडून हाक नाही निघाली. तूच बंद केली नं? जंगली म्हणे, लाज म्हणे. मले सगळं माहीत आहे. आता तुह्या शाळेले पायजे तं आली घ्यायले. बाप आहे का लाऊडस्पीकर आहे?"

माझ्या थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं. मी बाबांना विचारलं, "इतकी वर्षं रागावून होता तुम्ही माझ्यावर?"

"राग कायचा वं?" ते म्हणाले. "राग असता तं चार दिवसांत उतरला असता. तसं नाही. हाक गळ्यापावतर येते. मंग वाटते, कोनी पाहून तं नाही राहिलं? अन् परत खाली जाते." त्यांनी धागा दातानं तोडला. "आता सवय झाली. खाली गेली तं गेली."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. बाबा घाबरून म्हणाले, "अवं, चाय मांड नं हिच्यासाठी." मायनं चहा मांडला, पण कप ठेवताना जरा जोरातच ठेवला. घरी परतताना मी एवढंच ठरवलं होतं की त्या माणसाच्या गळ्यातून ती हाक पुन्हा निघाली पाहिजे. कशी, ते मला माहीत नव्हतं. ऐंशीच्या घरात आलेला माणूस. किती फाल्गुन राहिले असतील?

कार्यक्रमाला बाबा आले, मायही आली. दोघं शेवटच्या रांगेत, सायकल स्टँडजवळ बसली. मी मेंढ्याचं शिंग सांगितलं, पोरं हसली. मग ज्युबिलेशन सांगितलं. म्हटलं, "हा शब्द इंग्रजांच्या कोटात आला म्हणून आपण त्याला खुर्ची देतो. पण मूळचा तो आपल्यासारख्याच चिखलाच्या पायांच्या माणसाचा आहे. आमच्या तलावावर तो दर वर्षी ऐकू येतो." आणि मग जे लिहून नेलेलं नव्हतं तेही बोलून गेले. माझ्या बापाची हाक मी कशी बंद केली ते. लांडगा आला का, तेही. समोरची माणसं चुळबुळायची थांबली. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहायचं सोडून दिलं. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं तर बाबा उठून बाहेर निघालेले. माझं भाषण तिथंच आटोपलं.

मागून धावत गेले. बाबा शाळेच्या नळाशी तोंड धूत होते.

"कायले उठले, बाबा?"

"बिडी प्यायले आलतो."

माय मागून आलीच होती. "बिडी सोडून दहा वरीस झाले," ती म्हणाली. बाबांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि म्हणाले, "बरं बोलली." बस. मला वाटलं होतं, एवढं सगळ्यांसमोर कबूल केल्यावर काहीतरी मोकळं होईल. काहीच झालं नाही. भाषणानं हाक निघत असती तर आमच्या तालुक्यात कानांत बोटं घालूनच फिरावं लागलं असतं.

मग फाल्गुन आला. मोठ्या जाळ्याच्या आदल्या दिवशी मी रजा टाकून गावी गेले. पाळीवर म्हातारे जमले होते. एकानं विचारलं, "यंदा हाक कोनाच्या घरची?" दुसऱ्यानं लगेच उत्तर दिलं, "हिच्या बापाची. पोरीनं आपली हाक स्टेजवर नेली, हे काय कमी आनंदाचं आहे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बाबांकडे पाहिलं.

बाबा म्हणाले, "नाही बाप्पा. आमच्या शेजाऱ्याच्या घरी नात झाली. त्याले देऊ द्या."

शेजारी लाजला. ठरलं. मला इतका राग आला की बाबांशी त्या दिवशी बोललेच नाही. आणि त्या रागातच माझ्या डोक्यात शिरलं की ते देत नाहीत ना, मग मी देते.

सकाळी उजाडताना डोंगे निघाले. आम्ही बाया पाळीवर उभ्या होतो, जाळ्याच्या पोटामागं. मायच्या कानात मी म्हटलं, "यंदा हाक मी देतो."

"बाया नाही देत."

"कोन म्हणते असं?"

मायनं विचार केला. "म्हणत तं कोनी नाही. पन देत नाही."

तेवढ्यात डोंग्यातून मूठ उघडली आणि सगळे गप्प झाले. जाळं पाण्यात सरकू लागलं. एक तास गेला. पाण्यावर बगळे, आमच्यात एकही शब्द नाही. समोर उथळात डाव्या टोकाला बाबा छातीभर पाण्यात उभे, उजव्या टोकाला शेजारी. दोघं टोकं धरून एकमेकांकडे येऊ लागले. दहा हात. पाच हात. माझे डोळे त्यांच्यावरून हलेनात. मग दोन डोकी एक झाल्यासारखी दिसली.

मी हाक दिली.

काय सांगू तुम्हाला! टिटवीला कोणी शेपटी धरून उचललं तर ती काढील असा तो आवाज होता. आणि जाळं मिटलेलं नव्हतं. पाळीवरून मला दोन डोकी एकामागं एक दिसत होती, पण मधे अजून दोन-तीन हात पाणी मोकळं होतं. ढिवराची पोर मी, पण पंचवीस वर्षं पाळीवरून नुसतं पाहुण्यासारखं पाहिलेलं. नजरेला काय कळणार? जाळ्याच्या पोटामागून आवाज आला तशी मासोळी बिचकली आणि समोर, उघड्या तोंडाकडे, सुटली. आतलं सगळं पाणी उकळायला लागल्यासारखं झालं. रोहू हातभर उंच उडाल्या. साऱ्या मोहल्ल्याची वर्षभराची मासोळी, आणि दार मी उघडून दिलेलं. कोणीतरी डोंग्यातून ओरडलं, "अरे बाप्पा, गेली! सारी गेली!" मायनं दोन्ही हातांनी माझं तोंड दाबलं. आता दाबून काय उपयोग?

आणि मग ती निघाली.

बाबांनी जाळ्याचं टोक दातात धरलं, त्या मोकळ्या पाण्यात अंग टाकलं आणि दोन्ही हातांनी पाणी झोडपायला लागले. मग टोक तोंडातून काढून शेजाऱ्याच्या हातात कोंबलं आणि हाक. 'हूऽऽऽ' करत खालून उठली आणि वर गेली, आणि तुटली नाही. एक संपते न संपते तोच दुसरी. मासोळी पुढून हाणल्यासारखी मागं वळली. तिसऱ्या हाकेला शेजाऱ्यानं दोन्ही टोकं एकत्र केली, जाळं मिटलं आणि सगळ्या तलावानं 'हो' भरला. पाळीवर मीही भरला, मायच्या बोटांमधून.

आम्ही पाळीवरून धावत सुटलो, शेताच्या बांधानं फिरून उथळाकडे. माझी एक चप्पल चिखलात राहिली. तिथं पोचले तर माणसं हसताहेत, शिव्याही देताहेत. सोसायटीतला एक म्हातारा मला म्हणाला, "काहून वं मास्तरनी, शाळेत घंटा होयाच्या आधीच पोट्टे सोडतं का तू?" दहा-बारा मासोळ्या निसटल्या होत्या. पण बाकी सगळी आत होती, जाळं फाटेल इतकी. मी हात जोडून सगळ्यांची माफी मागितली. कोणाचं लक्षच नव्हतं. सगळे बाबांकडे पाहत होते.

बाबा थांबले नव्हते. आता काठाकडे, गुडघाभर पाण्यात येऊन उभे, अंगावरून पाणी गळतंय, आणि त्यांनी पुन्हा हाक दिली.

"मिटलं नं जाळं," शेजारी म्हणाला. "आता कायले?"

"हे जाळ्याची नाही," बाबा म्हणाले. धापा टाकत होते. "हे पोरीच्या दहावीची. अर्धीच राहिली होती."

 त्यांनी श्वास घेतला आणि आणखी एक दिली. "हे तिच्या नोकरीची." लोकांनी हसत हसत 'हो' भरला. "हे तिच्या लगनाची." पुन्हा 'हो'. "हे नातीची. एवढुसा पाय होता तिचा." हा 'हो' सगळ्यात मोठा झाला. मी रडत होते आणि मोठमोठ्यानं हसत होते, आणि कोण पाहतंय याचं मला काही पडलेलं नव्हतं. तीस वर्षं या माणसानं त्या सगळ्या आत ठेवल्या होत्या, एकेक, कोणती कशाची ते न विसरता. मला वाटलं, झाल्या. माझ्या सगळ्या झाल्या.

बाबा जरा थांबले. आवाज बसत आला होता. मग त्यांनी छातीवर हात ठेवला आणि आणखी एक हाक दिली. ती आधीच्या सगळ्यांहून लांब होती, आणि वर जाऊन फुटली. शेजाऱ्यानं विचारलं, "आता हे कोनाची रे?"

"तिच्या मायची," बाबा म्हणाले. "नागपूरच्या दवाखान्यातून घरी आली, तवाची."

सहा वर्षांपूर्वी मायच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी आम्हाला आधीच तयारीत राहा म्हणून सांगितलं होतं. आणि ती चालत घरी आली. मला आठवतं, त्या दिवशी अंगणात शेजारीपाजारी जमले होते. कोणी आरती ओवाळत होतं, कोणी रडत होतं. बाबा मात्र ओट्याच्या कोपऱ्यात पाहुण्यासारखे गप्प बसून होते. मी मनात म्हटलं होतं, म्हातारा थकला.

मायच्या तोंडाला कधी कुलूप लागलेलं मी पाहिलेलं नाही. बाजारात ती दहा गिऱ्हाइकांना एकटी पुरते. ती तिथं काठावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मले तवा वाटलं होतं, या माणसाले काहीच नाही वाटलं."

बाबा पाण्यात तसेच उभे. माय साडी सावरत दोन पावलं पाण्यात उतरली.

"मले नीट ऐकू नाही आली," ती म्हणाली. "अजून एक डाव द्या नं."

बाबांनी दिली.